आमना कागद तुमनी पेटीमा: एका वकिली दप्तराचं प्रकरण

हे प्रकरण लिहिताना मी गावाचं नाव सांगणार नाही. नाती थोडी फिरवली आहेत आणि दोन ठिकाणी सालही पुढंमागं केलं आहे. ओळखीच्या वाचकांनी अंदाज बांधत बसू नये ही विनंती. खानदेशात एका तालुक्याचं नाव, एक साल आणि 'अमक्याच्या मळ्यावरचा सालदार' (म्हणजे सालाच्या बोलीवर राबणारा गडी) एवढं म्हटलं की माणसाचं नाव घ्यायची गरज उरत नाही. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. उशिरा कळलं, आणि त्याची किंमत आमच्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आमचं वाचनालय तापीच्या खोऱ्यातलं. पुढच्या दालनात वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या, मागच्या दोन खोल्यांत संशोधन विभाग. एक ग्रंथपाल मॅडम, एक शिपाई, आणि मी मानद कार्यवाह, म्हणजे बिनपगारी आणि किल्ल्यांचा धनी. या भागात कागद जमवणं ही काही नवी हौस नाही. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं गोळा केली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात तिथं त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. आम्ही त्याच वळणावर वाढलो. रुमाल, म्हणजे कागदांचं कापडी गाठोडं, कसा बांधायचा, मोडी कशी लावायची, वाळवीची माती कुठं शोधायची हे सगळं त्या परंपरेनं शिकवलं. एक गोष्ट मात्र तिनं शिकवली नाही, कारण तिला तशी वेळच आली नव्हती. ज्याचं नाव कागदात आहे तो माणूस बाजाराच्या दिवशी दारात येऊन उभा राहिला तर काय करायचं? सतराशे चाळीसच्या यादीतला कुळकर्णी तर येत नाही.

आमच्याकडे आलेलं दप्तर मात्र कालपरवाचं होतं. एक वकीलसाहेब, वारून बरीच वर्षं झालेली, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. १९६०च्या दशकाच्या शेवटापासून पाव शतकभर त्यांनी शहादा, तळोदा आणि धुळ्याच्या कोर्टांत वकिली केली. जुनं घर विकायला काढलं तेव्हा मुलानं फोन केला, "रद्दीवाला आलाय, तुम्ही येता का?" आम्ही छोटा हत्ती घेऊन गेलो. मादरपाटात बांधलेले एकोणीस रुमाल, दोन पत्र्याच्या ट्रंका, आणि अंगठ्याची शाई वाळून जिचा खडा झाला होता अशी एक डबी.

मागची गोष्ट थोडी सांगायला हवी. त्या काळी नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता, तो १९९८ साली झाला. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव सगळं धुळ्यातच. कर्जापायी आदिवासींच्या जमिनी गेल्या होत्या आणि ज्याची जमीन गेली तोच तिच्यावर सालदार म्हणून राबत होता. सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायची, उचल हातावर पडायची आणि पुढच्या आखाजीला फिटलेली नसायची. अंबरसिंग सुरतवंतींनी लोक उभे केले, १९७२ साली श्रमिक संघटना आली, आणि १९७४चा जमिनी परत करण्याचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्यात येत होत्या. सरकारी दप्तरात तुम्हाला निकाल सापडेल: जमीन परत, किंवा दावा नामंजूर. पण तो दावा का टिकला, का बुडाला, साक्षीदार कोणत्या रात्री फुटला, कुणी कुणाला काय कबूल केलं होतं, हे निकालात नसतं. ते वकिलाच्या रुमालात असतं. आप्पांच्या रुमालात ते होतं. म्हणून तर आमची छाती फुगली होती.

दानपत्र एका पानाचं. मुलाची सही, माझी सही, दोन साक्षीदार. मजकुरात 'सर्व हक्कांसह, कोणत्याही अटीशिवाय' असं लिहिलं होतं. मुलाची नियत साफ होती, आमचीही. पण त्या पानावर ज्यांची सही नव्हती अशी माणसं रुमालात किती होती, हे आम्ही कुणीच मोजलं नव्हतं.

पहिली चूक यादीत झाली. ग्रंथालयशास्त्र शिकलेला एक हुशार मुलगा आम्ही सहा महिन्यांसाठी ठेवला. त्यानं एक्सेलमध्ये रकाने केले: रुमाल, फाईल, नाव, गाव, विषय, साल. विषय त्यानं फाईलच्या पुठ्ठ्यावरून जसाच्या तसा उतरवला. शिक्षणात त्याला हेच शिकवलेलं, मूळ शब्द बदलू नका. पुठ्ठ्यावर आप्पांच्या कारकुनानं लिहिलेलं असे, 'जमीन', 'सावकारी', 'सालाचा हिशेब', आणि चौदाव्या रुमालात अकरा फायलींवर 'बाईचे प्रकरण'. यादी छापून आम्ही बाइंडिंग केली आणि वाचनाच्या टेबलावर ठेवली. कागद कुलपात, यादी टेबलावर. आम्हाला हे अगदी सुरक्षित वाटलं.

कुलूप लावलेल्या कागदाचं काम यादीनंच केलं. कुणीतरी आपल्या गावाची नावं शोधत बसला, कौतुकानंच असेल, पानांचे मोबाईलवर फोटो काढले आणि गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. 'आपल्या गावाचा इतिहास वाचनालयात'. त्या पानावर एका बाईचं नाव होतं, पुढं गाव, पुढं 'बाईचे प्रकरण', पुढं साल. ती बाई जिवंत आहे. तिला नातवंडं आहेत. त्यांतला एक त्या ग्रुपवर होता.

चार दिवसांनी तो आला. पंचविशीचा, अंगावर गॅस एजन्सीचा शर्ट. आवाज चढवला नाही. काउंटरवर मोबाईल ठेवला, पान मोठं केलं आणि म्हणाला, "आमना कागद तुमनी पेटीमा कसाले शेतस?" आमचे कागद तुमच्या पेटीत कशाला?

मी नियम सांगितला. कागद तुझ्या आजीचा आहे, ती हयात आहे, तिच्या परवानगीशिवाय तुलाही दाखवता येणार नाही. यावर तो हसला. ते हसू मी विसरलेलो नाही. "गावभर तिचं नाव तुम्ही केलं. आता माझ्यापासून झाकता?" उत्तर नव्हतं. तो गेल्यावर मी टेबलावरची यादी उचलून कपाटात ठेवली. घोडं गेल्यावर तबेल्याला कडी.

त्या सहा महिन्यांत याच दप्तरासाठी आणखी तिघं आले, आणि तिघांनीही शब्द तोच वापरला, खाजगीपणा. म्हणून ते इथं सांगतो.

पहिल्या आप्पांच्या कन्या. त्या नाशिकला असतात, दानपत्राच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "भाऊ, आईची पत्रं त्यात आहेत. तिची दोन वर्षं फार वाईट गेली, ती तिकडून आप्पांना लिहायची. ती पत्रं मला परत द्या, नाहीतर फाडून टाका." मी आधीच चाळलं होतं. पत्रं खरंच होती, आणि फाडू नयेत इतकी चांगली होती. आजारी बाई सातपुड्यातल्या पावसाबद्दल लिहिते, नवऱ्याच्या अशिलांची नावं घेऊन विचारते, अमक्याचं काय झालं.

दुसरी पुण्याहून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी. तिला एकोणीसही रुमाल हवे होते, स्कॅन करून, नावांसकट. तिचं म्हणणं कच्चं नव्हतं. नावं काढली तर एकाच सालदाराचे तीन मालकांकडचे हिशेब जोडता येत नाहीत, आणि ते जोडल्याशिवाय कर्ज कसं फिरत होतं ते सिद्ध होत नाही. "सर, गरिबाचं नाव झाकणं म्हणजे त्याला पुन्हा एकदा 'एक आदिवासी' करून टाकणं," असंही म्हणाली. हे वाक्य मला आवडलं नाही, कारण ते खरं होतं.

तिसरे गृहस्थ आले नाहीत, त्यांचा फोन आला. त्यांच्या आजोबांची जमीन मोठी होती, रुमालांत त्यांचं नाव पंधरा-वीस ठिकाणी आहे, बहुतेक ठिकाणी 'प्रतिवादी' म्हणून. अतिशय गोड बोलले. जुन्या गोष्टी उकरून गावातलं वातावरण कशाला बिघडवायचं, आमचीही प्रायव्हसी आहेच ना. मग सहज आठवण करून दिली की संशोधन विभागातली दोन लोखंडी कपाटं त्यांनी दिली होती. चौदावा रुमाल त्यातल्याच एका कपाटात होता.

विश्वस्तांची बैठक बोलावली. पाच माणसं, पाच मतं. एक म्हणाले, सगळं पन्नास वर्षं बंद करा. दुसरे म्हणाले, मग आपण कागद आणलेच कशाला, रद्दीवाल्यानं निदान लगदा करून पुठ्ठे तरी बनवले असते. कायदा काय सांगतो ते पाहू, यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, कारण ते काम माझ्या गळ्यात पडणार होतं.

कायदा चाळला आणि लक्षात आलं की आपल्या प्रश्नाला सरळ लागू पडेल असं एकच कलम कुठंच नाही, तुकडे मात्र भरपूर आहेत. सरकारी अभिलेखांसाठी १९९३चा कायदा आहे. राष्ट्रीय अभिलेखागारात पोचलेले, गुप्त नसलेले, तीस वर्षांहून जुने कागद त्यात काही बंधनांसह संशोधकाला पाहता येतात. पण आप्पा सरकार नव्हते. माहितीचा अधिकार खाजगी दप्तराला लागत नाही. जनगणनेचा १९४८चा कायदा उलट टोकाला: घरोघरी भरलेल्या नोंदी पाहायची मुभाच नाही, किती वर्षं गेली तरी. इंग्लंडात त्याच नोंदी शंभर वर्षांनी उघडतात, अमेरिकेत बहात्तर. म्हणजे 'किती वर्षांनी' या प्रश्नाला निसर्गानं ठरवलेलं उत्तर नाही, माणसांनी आपापल्या सोयीचे आकडे ठरवले आहेत.

पत्रांचं कोडं वेगळं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. म्हणजे आईच्या पत्रांचे कागद दानपत्रानं आमचे झाले होते, शब्द मात्र आईच्या वारसांचे होते, आणि वारसांत कन्याही होत्या. वाचनालयातला अप्रकाशित मजकूर संशोधनासाठी उतरवून घ्यायची सूट कॉपीराइट कायद्यात आहे, पण लेखक कोण ते माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटावी लागतात. दानपत्रातलं 'सर्व हक्कांसह' हे असं वाचायला भारदस्त आणि आतून पोकळ होतं. मुलगा आपल्याकडे नसलेलं काही देऊ शकत नव्हता.

स्कॅनिंगबद्दल एक गोष्ट मला वाचेपर्यंत ठाऊक नव्हती, आणि छोट्या वाचनालयांना ती ठाऊक असावी असं वाटतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा कागदावरच्या माहितीला लागत नाही. तोच कागद स्कॅन केला की लागतो. संशोधन आणि अभिलेख जतनासाठी त्यात सूट आहे, पण ठरवून दिलेली मानकं पाळली आणि त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल काही निर्णय घेतला नाही तरच. आम्हाला तेव्हा स्कॅनरसाठी देणगी मिळायच्या बेतात होती आणि 'सगळं एकदा स्कॅन करून टाकू, मग बघू' असा बेत होता. तो थांबवला. स्कॅन आधी आणि विचार मागून, हा क्रम उलटा आहे.

चौदाव्या रुमालाबाबत कायदा सर्वांत स्पष्ट होता आणि आम्ही सर्वांत गाफील. अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, भारतीय दंड संहितेत १९८३ पासून होता आणि आता न्याय संहितेतही आहे. टेबलावर बाइंडिंग करून ठेवलेली यादी म्हणजे प्रसिद्धी की नव्हे यावर वकील तासभर बोलतील. मला ते ऐकायची इच्छा नव्हती.

आणि एक कलम वकिलांसाठीचं. अशिलानं वकिलाला सांगितलेलं वकील उघड करू शकत नाही, अशिलाची स्पष्ट संमती असल्याशिवाय. १८७२च्या पुरावा कायद्यात हे होतं, नव्या साक्ष अधिनियमातही आहे, आणि वकिली संपली तरी हे बंधन संपत नाही. यावर एक विश्वस्त म्हणाले, "हे आप्पांवर बंधन होतं. आपण कुठं वकील आहोत?" शब्दशः ते बरोबर होते. पण मग अर्थ असा होतो की आप्पा जिवंत असेपर्यंत जे ओठांबाहेर येऊ शकत नव्हतं ते आप्पा वारले, घर विकलं गेलं आणि छोटा हत्ती मागवला म्हणून मोकळं झालं. असं कसं होईल?

तिथून माझं डोकं एका जागी स्थिर झालं. तोवर आम्ही कागद दोन चाळण्यांतून गाळत होतो, किती जुना आहे आणि किती नाजूक आहे. दोन्ही चाळण्या चुकीच्या होत्या. विचारायचं ते असं: हे बोलणं कुणाच्या कानासाठी होतं?

कोर्टात दाखल केलेली कैफियत कोर्टासाठी बोललेली असते. तिची नक्कल आजही अर्ज करून मिळू शकते. ती उघडी, त्यातली नावंही उघडी. कपाटवाल्या गृहस्थांच्या आजोबांची प्रतिवादी म्हणून असलेली जवळपास सगळी नावं यातच पडली. नोंदवलेलं खरेदीखत, गावच्या फेरफारात चढलेली नोंद, कोर्टातलं उत्तर यांना घरातली गोष्ट म्हणता येत नाही. मी त्यांना तसं पत्र लिहिलं. कपाटं परत हवी असल्यास आठवडाभर आधी कळवावं, रुमाल हलवायला वेळ लागतो, असंही लिहिलं. हे शेवटचं वाक्य विश्वस्तांना न विचारता घातलं. कपाटं अजून आमच्याकडेच आहेत.

आप्पांच्या ऑफिसात, दार लोटून, आप्पांना सांगितलेलं ते आप्पांच्या कानासाठी होतं. ही टिपणं आप्पांच्या हातची, पेन्सिलीनं, अर्धी अहिराणीत, कारण सांगणारा तसाच बोलत होता. काहींच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं आहे: 'हे कोर्टात नको.' म्हणजे एका माणसानं पन्नास वर्षांपूर्वी हाच विचार करून निवाडा देऊन ठेवला होता आणि आम्ही तो वाचूनही पुढं गेलो होतो. ही टिपणं बंद केली. सांगणारा हयात असेपर्यंत. हयात आहे की नाही कळत नसेल तर जन्मापासून शंभर वर्षं.

हे लिहायला सोपं. ज्यांचा जन्म 'महापूर आला त्याच्या आदल्या साली' अशा हिशेबात आहे आणि ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर सगळ्या वर्गासारखाच एक जून आहे, त्यांची शंभरी मोजायची कुठून? जबाबात 'वय अंदाजे २०' असेल तर आम्ही ते पंधरा धरतो, म्हणजे चूक झालीच तर ती बंद ठेवण्याच्या बाजूनं होईल. मौलाना आझादांनी आपल्या आठवणींची तीस पानं मोहोरबंद करून ठेवली होती, ती १९८८ साली उघडली गेली. आपल्या शब्दांना आपण मुदत घालून ठेवावी इतकी सोय त्यांच्याकडे होती. आमच्या रुमालातल्या माणसांना कुणी मुदत विचारलीच नव्हती.

तिसरे घरातल्या कानासाठीचे, म्हणजे आईची पत्रं. फाडायची नाहीत असं मी कन्येला सांगितलं. परत देऊ का, असं विचारलं, आणि खरंच देणार होतो. त्या एका रविवारी आल्या, संशोधन विभागात पंख्याखाली बसून सगळी वाचली. तीन तास लागले. उठताना म्हणाल्या, "यातली चार मी नेते. बाकीची मी गेल्यावर उघडा." चार कोणती ते मी पाहिलं नाही. यादीत तिथं 'चार पत्रे कुटुंबाकडे परत' एवढंच आहे.

विद्यार्थिनीला कोर्टात गेलेले सगळे कागद नावांसकट दिले. हिशेबाच्या चोपड्यांचं अडलं होतं. त्यावर तिनंच तोडगा काढला: तिनं इथं बसून नावांसह वाचायचं, प्रत्येक सालदाराला एक आकडा द्यायचा, आकड्यांची किल्ली आमच्या तिजोरीत, तिच्या प्रबंधात फक्त आकडे. तिचे हिशेब जुळले. गावांची नावं मात्र काढा म्हटल्यावर ती चिडली, अजून थोडी चिडलेलीच आहे. पण आम्ही करून पाहिलं. तिच्या एका तक्त्यात नाव नव्हतं, फक्त गाव, साल आणि जमिनीचं क्षेत्र होतं. आमच्या शिपायानं चहाचा कप ठेवता ठेवता तो माणूस कोण ते सांगितलं.

झाकण्याच्या कामातल्याही दोन खाचाखोचा आहेत. झेरॉक्सवर काळ्या मार्करनं नाव खोडलं तर उन्हासमोर धरल्यावर ते वाचता येतं. खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि तीच द्यायची. पीडीएफमध्ये काळी चौकट ठेवली तर खालची अक्षरं बहुतेक वेळा तशीच असतात, निवडून दुसरीकडे चिकटवली की बाहेर येतात. आमच्या मॅडमनी मला हे करून दाखवलं तेव्हा घाम फुटला, कारण तशी एक फाईल मी आदल्याच महिन्यात कुणालातरी पाठवणार होतो.

आजीकडे जायचं की नाही यावर आमचे दोन महिने गेले. संमती मागायची तर विषय काढावा लागणार, आणि विषय काढणं हीच दुसरी इजा. न विचारावं तर तिच्या कागदाचं काय करायचं ते पुन्हा आम्हीच ठरवणार. मी तर जाऊच शकत नव्हतो, एक पुरुष, हातात फाईल, वाचनालयाची मोटारसायकल. शेवटी ती स्वतःच आली. बाजाराच्या दिवशी, शेजारणीला घेऊन, नातवाला न सांगता. पायरीवर बसली. मी पुढं झालो तर माझ्याकडे पाहिलंच नाही, मॅडमना म्हणाली, वाचून दाखव.

मॅडमनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मी बाहेर. पुढचं मॅडमनी सांगितलं तेवढंच मला ठाऊक आहे, आणि त्यातलंही सगळं इथं देत नाही. अकरा पानं वाचून झाल्यावर आजीनं विचारलं, "आखो कोनी वाचा?" म्हणजे आणखी कुणी वाचलं? मॅडमनी खरं सांगितलं: यादी करणाऱ्या मुलानं पुठ्ठा वाचला, मी पहिलं पान वाचलं, तुमच्या नातवानं काही वाचलेलं नाही. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, जाळू नका. आप्पांनी तेव्हा ऐकून घेतलं होतं, लिहूनही घेतलं होतं, दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नव्हतं. मी आहे तोवर बंद ठेवा. आणि उठता उठता, "मनं नाव झाका. त्यानं नका झाकू." माझं नाव झाका, त्याचं नको.

ही अट पाळणं किती अवघड आहे ते वर शिपायाच्या चहाच्या कपानं सांगितलंच आहे. त्याचं नाव उघडं ठेवलं की गावात तिचं झाकलेलं राहत नाही. विश्वस्तांपुढं मी ते मांडलं. आम्ही तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून पाकिटात घातलं, पाकीट फाईलला जोडलं. उघडायची वेळ येईल तेव्हा जो कुणी कार्यवाह असेल त्याला ते आधी वाचावं लागेल. यादीत चौदाव्या रुमालापुढं आता 'जबाब, अकरा फायली, बंद' एवढंच आहे. व्हॉट्सअॅपवर गेलेलं पान परत आणता आलं नाही. ग्रुपच्या अॅडमिननं विनंतीवरून ते काढलं, पण कुणाकुणाच्या फोनात उतरलं असेल याचा पत्ता नाही. नातू पुन्हा आलेला नाही.

रुमाल या नजरेनं पुन्हा लावताना आणखी एक ढीग निघाला, ज्याचा विचार कुणीच केला नव्हता. मूळ कागद. खरेदीखतं, जमीन महसुलाच्या पावत्या, जातीचे दाखले, जे अशिलांनी आप्पांकडे 'साहेब, तुमच्याजवळ राहू द्या' म्हणून ठेवले आणि न्यायचे राहून गेले. हे आप्पांचे कधीच नव्हते. ते मुलाला दान करता येत नव्हते आणि आम्हाला घेता येत नव्हते. आम्ही गावोगाव निरोप धाडले, या वेळी नावं न लिहिता, 'आप्पा वकिलांकडे कागद ठेवला असेल तर ओळख घेऊन या' एवढंच.

काही जण आले. कागद घेतले, कपाळाला लावले, गेले. एक म्हातारे गृहस्थ वडिलांचं खरेदीखत बराच वेळ हातात धरून बसले, मग परत माझ्यापुढं सरकवलं. घरी कुडाची भिंत, उंदीर फार, इथंच राहू द्या म्हणाले. मी बरं म्हटलं आणि कागद रुमालात घालायला उठलो. ते उठले नाहीत. "पावती?"

आमच्या पावतीपुस्तकात आजवर फक्त देणगीच्या पावत्या फाडल्या होत्या. 'रोख रुपये' खोडलं, 'मूळ खरेदीखत, एक, जपून ठेवण्यासाठी, मागताच परत' असं लिहिलं. मी सही केली. त्यांनी स्टॅम्प पॅड मागितलं आणि स्थळप्रतीवर डावा अंगठा उठवला.